आमदारांनी अंडं खाल्लं म्हणे

आमदार असताना माझ्याकडे सगळ्यांत जास्त मागणी कशाची आली असेल? रस्ता नाही, पाणी नाही, पोराची नोकरीही नाही. 'मयतीला या.' मतदारसंघातलं कुठलंही गाव असो, माणूस गेला की घरातलं कुणीतरी आधी पाहुण्यांना कळवतं आणि लगेच आमदाराच्या पीएला. मी इतक्या अंत्यविधींना उभा राहिलो की आमच्या भागातले सरण रचणारे मला ओळखीने मान हलवायचे. लग्न चुकलं तर लोक रुसतात आणि विसरतात. मयत चुकली तर अख्खी भावकी हातातून जाते. कायदे करणं हे आमदाराचं मुख्य काम आहे, ही गोष्ट मला निवडून येऊन मुंबईत गेल्यावर कळली. मतदारसंघात ती आजही कुणाला माहीत नाही, आणि मीही मुद्दाम सांगत फिरलो नाही.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचा माझा मतदारसंघ. अर्धी गावं कापड घ्यायला लातूरला जातात, अर्धी नांदेडला. मी तिथून दोन वेळा निवडून आलो, तिसऱ्या वेळी पडलो. आता माजी आहे. आमदारकीला मुदत असते, माजी आमदारकीला नसते. ती मरेपर्यंत टिकते आणि तिच्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

घरची डाळमिल, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडतीचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. आमच्या घरात चुलीवर काय चढतं आणि काय चढत नाही, हे चार पिढ्यांपूर्वीच ठरलेलं. पक्षाला तेव्हा असाच एक माणूस हवा होता. जुन्या वळणाचा, देवधर्माचा, ज्याचं नाव कुठल्या परमिट रूमच्या बिलावर सापडणार नाही असा. राजकारणात जुन्या वळणाची माणसं पुष्कळ भेटतात, पण बऱ्याच जणांचं ते वळण पोत्यावरच्या छापासारखं असतं. आत काय माल आहे तो पोतं फोडल्यावर कळतं. माझं तसं नव्हतं. मी आतूनही कंटाळवाणाच होतो.

सकाळी सात वाजता घरापुढे माणसं जमायची. हा आमदाराचा खरा दवाखाना. एकदा औशाकडचा एक जावई आला. बायको माहेरी गेली होती, परत येत नव्हती. म्हणाला, "आप्पा, सासऱ्याला एक फोन लावा. तुमचा शब्द मोडणार न्हाई." मी फोन लावला. सासऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमदारसाहेब, मत तुम्हालाच देऊन राहिलोत, पुढं बी देऊ. पोरगी देत न्हाई." दुसऱ्या एकाला एसटी त्याच्या दारात थांबायला हवी होती. त्याला गावाला जायचं नव्हतं. गाडी भावाच्या दारात थांबते, हे त्याला बघवत नव्हतं. देगलूरकडच्या एका बापाचा पोरगा लातूरला क्लासला होता. त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, म्हणून तो बाप दोन तास बसून राहिला. मी क्लासवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, पहिल्या बाकावर आधीच तीन आमदारांची माणसं आहेत."

हे सगळं मला जमायचं. माझी गाडी अडली ती अंड्यावर.

सरकारने ठरवलं की शाळेतल्या पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं, आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. ही बातमी आली त्याच दिवशी शिवलिंगप्पा माझ्याकडे आले. हे माझ्या वडिलांचे दोस्त, मोंढ्यातले सगळ्यांत जुने आडते. समाजात त्यांचा शब्द शेवटचा. ते चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "आप्पा, आमची नातवंडं त्याच पंगतीला बसणार, आणि शेजारचं पोरगं अंडं सोलणार. तुम्ही गप बसणार का?"

मी गप बसणार नव्हतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. नागपूरच्या अधिवेशनात मी उभा राहिलो. तिथे मागच्या बाकावरच्या आमदाराला बोलायला जेमतेम दोन मिनिटं मिळतात, आणि त्यांतलं एक अध्यक्षांची घंटा खाते. मी म्हणालो, "अध्यक्ष महाराज, शाळा हे सरस्वतीचं मंदिर आहे. मंदिरात कुणी अंडं घेऊन जातं का?" समोरच्या बाकावरून एकजण ओरडला, "मंदिरात चपलाही नेत नाहीत, तुमच्या पायात काय आहे?" सभागृह हसलं. पण माझं भाषण मोबाईलवर फिरलं आणि दोन दिवसांत अख्ख्या राज्यात माझं नाव झालं. तोवर मी रस्त्यांवर, पाझर तलावांवर, हरभऱ्याच्या भावावर बोललो होतो. त्याची दखल माझ्या घरच्यांनीही घेतली नव्हती. आता मी 'अंडीवाले आमदार' झालो.

पुढे सरकारने थोडं नमतं घेतलं. जिथे पालकांचा विरोध असेल तिथे अंडं देऊ नये, असं ठरलं. मोंढ्यात माझा सत्कार झाला, शिवलिंगप्पांनी शाल घातली. मला वाटलं, संपलं.

सत्तेचं एक असं असतं की तुम्ही बोट दाखवलंत तर खालचे लोक हात तोडून आणतात. माझ्या मतदारसंघात शाळांचा आहार बघणाऱ्या साहेबांनी विचार केला असणार, की आमदाराच्या भागात कशाला धोका पत्करायचा. त्यांनी पालकांना विचारायची भानगडच ठेवली नाही. सगळ्याच शाळांतली अंडी बंद करून टाकली. ज्या गावांत बोकड कापल्याशिवाय जत्रा होत नाही, तिथलीसुद्धा. मला कुणी कळवलं नाही. मला ते कळलं एका फोनवर.

मी पूजेवरून उठत होतो. पीए व्यंकटने फोन हातात दिला.

"आमदार बोलून राहिले का?"

"बोला बाई."

"मी सीताबाई राठोड. धोंडवाडी तांड्यावरच्या शाळेत खिचडी शिजवते. आमच्या पोरायची अंडी तुमी बंद केली म्हणतेत."

"मी बंद केली नाहीत. ज्यांना नको त्यांना देऊ नका, एवढंच म्हणालो होतो."

"मंग ज्यायला पायजे त्यायची कामून बंद झाली?"

आमदाराकडे उत्तर नसलं की तो 'बघतो' म्हणतो. हा शब्द आमच्या धंद्यात फार चालतो. त्याला अर्थ नाही म्हणूनच तो कुणी परत करत नाही. मी म्हणालो, "बघतो."

सीताबाई म्हणाली, "फोनवर कसं दिसंल? बुधवारी या."

मला राग आला होता. एकतर सकाळची वेळ, त्यात हा आवाज. पण बुधवारी मी गेलो. का गेलो, हे व्यंकटने विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं की तिला तोंडावर समजावून सांगायचं आहे. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

धोंडवाडी तांड्यावरची बरीच माणसं ऊसतोडीला गेली होती. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. शाळा दोन खोल्यांची, बाजूला पत्र्याची शेड, त्यात सीताबाईची चूल. पन्नाशीची, उंच, हातात मोठा झारा. मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "बसा. हात मोकळे न्हाईत."

मुख्याध्यापकांनी घाईघाईने खुर्ची आणली. पोरं पंगतीला बसली होती. एक बारकी पोर, दुसरीतली असावी, माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुमी अंडीवाले आमदार का?"

सगळी पंगत हसली. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मी "हाव" म्हणालो. माझ्याच मतदारसंघात मला इतकं चटकन कुणी ओळखलं नव्हतं.

"मंग आणली का?" तिने विचारलं.

मी सीताबाईकडे वळलो आणि ठरवून आणलेलं बोलायला लागलो. "बाई, केळं आहे की. केळं वाईट असतं का?"

"केळं वाईट न्हाई. पण हितवर येईस्तोवर बघा त्याचं काय व्हतंय." तिने टोपली पुढे केली. केळी काळी पडून एकमेकांना चिकटली होती. "अंडं लांबून आलं तरी अंडंच ऱ्हातंय. आन बुधवारी सगळी पोरं यायची. बिमार असली तरी यायची. आता बघा."

पंगतीत जागा रिकाम्या होत्या. मी तरीही हरायला तयार नव्हतो. डाळवाला माणूस मी. डाळीत किती ताकद असते यावर मी उभ्या उभ्या व्याख्यान देऊ शकतो, आणि ते माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात तिने पातेल्यात झारा फिरवला. मी वाकून बघितलं. आयुष्य डाळीत घालवलेल्या माणसाला त्या पातेल्यात डाळ शोधावी लागली.

मी व्याख्यान गिळलं.

मला अंड्याचा वास सहन होत नाही. आजही होत नाही. पुढे अनेकांनी लिहिलं की माझं मतपरिवर्तन झालं. तसं काही झालं नव्हतं. मला फक्त एवढं समजलं की माझ्या घरातल्या चुलीचा नियम मी दुसऱ्याच्या चुलीवर नेऊन ठेवला होता, आणि त्या चुलीवर दुसरं शिजवायला काहीच नव्हतं. तिथूनच मी त्या आहार बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, आपल्या भावना लक्षात घेऊनच तो निर्णय केला होता," ते म्हणाले.

"माझ्या भावना मी तुम्हाला सांगितल्या होत्या का?"

"सभागृहात सांगितल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर ऐकल्या."

"ज्यांना हवं आहे, त्यांना अंडी सुरू करा."

त्यांनी आधी 'हो साहेब' म्हणून टाकलं. मग म्हणाले, "साहेब, एक विनंती आहे. पुढच्या बुधवारी आपण स्वतः तिथे हजर राहा. आपल्यासमोर सुरू झालं म्हणजे उद्या आमच्यावर काही येणार नाही."

सरकारी माणसाचं हे कसब मला नेहमीच थोर वाटत आलं आहे. स्वतःवर येणारी गोष्ट तो इतक्या अदबीने दुसऱ्याच्या हातात देतो की घेणारा 'धन्यवाद' म्हणतो. मीही म्हणालो.

व्यंकट गाडीत म्हणाला, "आप्पा, नका जाऊ. फोटो निघंल."

"निघू दे."

पुढच्या बुधवारी गेलो. शेडमध्ये मोठ्या पातेल्यात अंडी उकडत होती. मी नाकाला उपरणं लावायचं टाळलं, तेवढं मात्र मला कठीण गेलं. पोरं भरपूर होती. ती दुसरीतली पोर ताट घेऊन माझ्याजवळ आली. हात धुवायचे राहिले होते. "धरा जरा," म्हणाली आणि माझ्या हातात ताट देऊन नळाकडे पळाली. ताटात सोललेलं पांढरं अंडं. नळाला पाणी नव्हतं. मी तोंड उघडून व्यंकटला म्हणालो, "टाकीचं पाणी सोडायला सांग."

नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला.

फोटो बघाल तर तुम्हीही तेच म्हणाल. कपाळाला विभूती, हातात अंड्याचं ताट, आणि आमदारांनी आ वासलेला.

दुपारपर्यंत तो लातूरच्या मोंढ्यात होता. दिवेलागणीला नांदेडला. लातूरला मी उकडलेलं अंडं खाल्लं होतं, नांदेडला पोचेपर्यंत त्याचं ऑम्लेट झालं, आणि उदगीरच्या माझ्या साडूला कुणीतरी सांगितलं की आप्पा तांड्यावर दर बुधवारी जेवायलाच जातात. आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकी चविष्ट अफवा उठवली नव्हती.

शिवलिंगप्पांनी एका मंगल कार्यालयात बैठक बोलावली. समाजातली मोठी मोठी माणसं सतरंजीवर बसली होती. मी गेलो. "शरणार्थ" म्हणून सगळ्यांना नमस्कार केला. दोघातिघांनीच उत्तर दिलं.

"आप्पा, खाल्लं का?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"नाही."

"हातात होतं."

"हातात होतं."

"तोंड उघडं होतं."

"बोलत होतो."

"काय बोलत होता?"

"पाणी सोड म्हणत होतो."

मागून कुणीतरी खुसखुसलं. शिवलिंगप्पा हसले नाहीत. त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. हा माणूस मला लहानपणी खांद्यावर घेऊन बसवेश्वरांच्या मिरवणुकीत नाचलेला. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती. ते म्हणाले, "माझा तुझ्यावर भरवसा हाय. तू खाल्लं नसशील. पण लोकांला काहीतरी सांगावं लागंल. बाहेर जाऊन एवढंच म्हण, की त्या बाईनं फसवून ताट हातात दिलं. विरोधकांनी तिला शिकवून ठेवलं होतं म्हण. मी उठून तुला शरणार्थ म्हणतो, विषय संपतो."

वाक्य लहान होतं. राजकारणात मी त्याहून मोठी खोटी वाक्यं हसत हसत ऐकली होती आणि त्यांना मान डोलावली होती. पण सीताबाई मानधनावरची बाई. मी 'फसवलं' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते पातेलं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेलं असतं. तिला काढायला मला काही सांगावंही लागलं नसतं. आपण बोट दाखवल्यावर खालचे काय करतात, हे मी नुकतंच बघितलं होतं.

बाहेर येऊन मी म्हणालो, "मी अंडं खाल्लं नाही. खाणार नाही. माझ्या घरात येणार नाही. पण ते ताट मला कुणी फसवून दिलं नाही. एका लेकराला हात धुवायचे होते, म्हणून मी धरलं. परत कुणी दिलं तर परत धरीन."

एकेकजण उठला, उपरणं झटकलं आणि निघाला. शिवलिंगप्पा सर्वांत शेवटी गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यानंतर ते वारले तोपर्यंत आमच्याकडे आले नाहीत. मयतीला मात्र मी गेलो. ती एक मयत अशी होती की मला कुणी फोन करून बोलावलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीचं तिकीट ठरवायला नांदेडला पक्षाची बैठक झाली. आमचे वरचे नेते मला म्हणाले, "आप्पा, तुमच्या भागात दुसरा कुणी उभा राहायला तयार नाही, म्हणून तुम्हीच." इतक्या कौतुकाने मला तिकीट आधी कधी मिळालं नव्हतं. प्रचारात विरोधकांनी एका ऑटोवर थर्माकोलचं भलंमोठं अंडं बसवलं आणि त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. ते अंडं फार सुबक होतं. मी स्वतः गाडी थांबवून ते बघितलं.

निकाल लागला. मोंढ्याने मला अंडं खाल्लं म्हणून पाडलं. मला वाटलं होतं, निदान तांडे तरी राहतील. तेही गेले. धोंडवाडीच्या बूथवरही मी मागे होतो. हे मात्र मला लागलं, खोटं कशाला बोलू.

काही महिन्यांनी तिकडच्या एका लग्नात सीताबाई भेटली. नवरीकडची होती, लुगडं नवं होतं. तीच जवळ येऊन बसली.

"आप्पा, राग आला का?"

"कशाचा?"

"मताचा. तुमच्या तोंडावर दिसून राहिलंय."

"अंडी अजून चालू आहेत का?" मी विचारलं.

"चालू हायेत. नव्या आमदारानं बंद केली न्हाईत." मग तिने बोटं मोजत हिशेब मांडला. "बघा आप्पा, अंडी बंद तुमच्यामुळंच झाली व्हती. तुमी चालू केली, म्हंजी व्हती तिथं आणून ठेवली. त्याचं मत कसं द्यायचं?"

दहा वर्षं विधानसभेत बसलो. मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकले. इतका सरळ त्यांत एकही नव्हता. मी म्हणालो, "बरोबर आहे."

"पण त्या बैठकीत तुमी माझं नाव घेतलं न्हाई, ते कळलं मला," ती म्हणाली, आणि जेवायला वाढायला उठून गेली. माझ्या ताटात तिने बुंदी दोनदा वाढली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे सगळं शांताला सांगितलं. शांता माझी बायको. आमच्या घरात खरी कडक ती. मी तिच्यापुढे सैलच म्हणायचा. बाहेरून आलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर काय छापलंय हे चष्मा लावून वाचल्याशिवाय ती तो घरात ठेवत नाही. ती सुपात तूर पाखडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

मग म्हणाली, "एक विचारू का? इतके दिवस विचारलं नाही."

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही खरंच खाल्लं नव्हतं ना?"

अख्ख्या जगाने विचारलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, तेवढं आता वाटलं. म्हणालो, "शांता, इष्टलिंगाची शपथ. जिभेला लागलं नाही."

तिने सूप खाली ठेवलं. आमदारकी गेली, मोंढ्यातली बैठक गेली, शिवलिंगप्पा बोलायचे बंद होऊन तसेच गेले, हे सगळं तिने एकदा मनात फिरवलं असावं.

"मग खायचं तरी होतं," ती म्हणाली आणि देवापुढे दिवा लावायला उठली.